नजरेच्या कडा : अपस्माराच्या एका औषधाचा इतिहास

आजच्या धाग्यात लढाई नाही, किल्ला नाही, तहनामाही नाही. आज एका औषधाची गोष्ट आहे. या औषधाने हजारो माणसांचे झटके थांबवले आणि त्यांतील अनेकांची नजर कडांकडून हळूहळू कुरतडली. हे घडत होते तेव्हा रुग्णाला ते कळत नव्हते, डॉक्टरांना दिसत नव्हते आणि ज्या चाचण्या चालू होत्या त्यांतही ते उमटत नव्हते. असे कसे झाले, हाच आजचा विषय.

आरंभ मात्र त्या औषधाच्या दीडशे वर्षे आधी करावा लागेल.

जानेवारी १८४१. इंग्लंडच्या केंट परगण्यातील टनब्रिज या गावचे शल्यवैद्य विल्यम जेम्स वेस्ट यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला एक पत्र धाडले. पत्रातील रुग्ण होता त्यांचाच वर्षभराचा मुलगा. चार महिन्यांचा होईपर्यंत बाळ सुदृढ होते. मग त्याची मान एकाएकी पुढे झुकू लागली. पुढे पुढे सारे अंगच कमरेतून वाकू लागले. एकामागून एक असे अनेक झटके येत, थांबत, पुन्हा येत. बाळाचे हसणे मावळले, त्याची वाढ खुंटली. बापाने त्या काळी ठाऊक असलेले सारे उपाय केले. डोक्याला जळवा लावल्या, रेचके दिली, अफूही दिली. गुण आला नाही.

वेस्ट लंडनला जाऊन दोन नामांकित वैद्यांना भेटले. त्यांपैकी सर चार्ल्स क्लार्क यांनी असे रुग्ण पूर्वी पाहिले होते आणि त्या झुकण्यावरून त्यांनी या विकाराला नावही दिले होते : ‘सलाम झटके’. पूर्वेकडून इंग्रजीत गेलेला हा ‘सलाम’ वैद्यकाच्या परिभाषेत असा येऊन बसला. दुसरे वैद्य होते चार्ल्स लोकॉक. त्यांनीही हा विकार ओळखला. उपाय दोघांपाशीही नव्हता. आज या विकाराला वेस्ट यांच्याच नावाने ओळखतात, वेस्ट सिंड्रोम. हे पत्र आणि ते बाळ लक्षात असू द्या, शेवटी आपल्याला त्यांच्याकडे परत यायचे आहे.

लोकॉक हे राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ म्हणून गाजले. ११ मे १८५७ रोजी लंडनमधील एका वैद्यकीय सभेत अपस्मारावरील निबंध वाचला गेला. त्यावरील चर्चेत लोकॉक उभे राहिले आणि पोटॅशियम ब्रोमाइडने मासिक पाळीशी निगडित झटके थांबतात, असा आपला अनुभव त्यांनी सांगितला. इकडे हिंदुस्थानात त्याच आठवड्यात मेरठची छावणी पेटली होती, हा केवळ तारखांचा योगायोग. ब्रोमाइड कामवासना मंद करते आणि अपस्माराचा वासनेशी संबंध आहे, अशी तेव्हाची समजूत. कारण पूर्णपणे चुकीचे होते, पण औषध खरे निघाले! अपस्मारावर खात्रीने चालणारे हे पहिले औषध. किंमत मात्र जबर होती. अंगावर पुरळ उठे आणि बुद्धीवर सदैव झापड येई.

त्यानंतर १९१२ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हाउप्टमान यांनी झोपेसाठी वापरले जाणारे फिनोबार्बिटल झटक्यांवर चालते हे दाखवले. मग १९३८ मध्ये बॉस्टनच्या ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी फेनिटॉइन पुढे आणले. मांजरांना विजेचे सौम्य धक्के देऊन कोणत्या रसायनाने झटका रोखला जातो हे त्यांनी पद्धतशीर तपासले होते. आपल्याकडे ‘एप्टॉइन’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेली गोळी ती हीच.

येथून डोळ्यांचा संबंध सुरू होतो.

फेनिटॉइनची मात्रा अधिक झाली की रुग्णाची बुबुळे आपोआप झटके देत हलू लागतात. एकाच्या दोन वस्तू दिसतात. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन कुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे जणू कोष्टकच मांडले. रक्तातील औषधाचे प्रमाण मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की बुबुळे हलू लागतात, ३० च्या आसपास चाल लडखडते, ४० च्या पुढे बुद्धी भ्रमते. रक्ततपासणीची सोय नसलेल्या गावीही डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यांपुढे बोट फिरवून ‘मात्रा जास्त होते आहे’ असे सांगू शकत. डोळा म्हणजे औषधाचा काटाच झाला. मात्रा कमी केली की बुबुळे पुन्हा स्थिर होत.

त्याहून विलक्षण प्रकार ट्रायमेथाडायोन या औषधाचा. १९४५ मध्ये बॉस्टनचे विल्यम लेनॉक्स यांनी लहान मुलांच्या ‘क्षणभर हरवण्याच्या’ झटक्यांवर त्याचा प्रभाव दाखवून दिला. परंतु हे औषध घेणारी माणसे, विशेषतः प्रौढ, अंधाऱ्या खोलीतून उन्हात आली की त्यांना सारे जग बर्फ पडल्यासारखे पांढरे दिसे. रंग विटून जात, चेहरे ओळखू येत नसत. काही जण काळा चष्मा लावून वावरत. दोष दृष्टिपटलात होता, पण औषध सोडले की तोही नाहीसा होई.

माझे मत असे की, पुढच्या गफलतीचे एक मूळ येथे आहे. अपस्माराची औषधे डोळ्यांना त्रास देतात हे वैद्यकाला पक्के ठाऊक होते, परंतु तो त्रास रुग्णाला स्वतःला जाणवतो, बोलून दाखवता येतो आणि मात्रा घटवली की जातो, असा अनुभव दोन पिढ्यांच्या हाडीमाशी खिळला होता. न जाणवणाऱ्या आणि परत न फिरणाऱ्या इजेची कोणी वाट पाहत नव्हते.

आता मुख्य औषध. १९५० मध्ये मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक साधे रसायन सापडले. काही वर्षांतच उमगले की हे मेंदूचे लगाम आहे. मज्जापेशींची उत्तेजना आवरण्याचे काम ते करते. मग कल्पना स्वच्छ होती. झटका म्हणजे बेलगाम उत्तेजना, तर लगाम घट्ट करावा. गाबाला मोडून टाकणारे एक विकर मेंदूत असते. तेच निकामी केले तर गाबा आपोआप साठेल. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील मेरेल कंपनीच्या संशोधन केंद्रात लिपर्ट, मेटकाफ, युंग आणि कसारा यांनी नेमके हेच करणारा रेणू घडवला आणि १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला. तो गाबाचे सोंग घेऊन विकरात शिरतो आणि तेथेच कायमचा रुतून बसतो. याचे नाव पुढे व्हिगाबॅट्रिन पडले.

हे लक्षात घेण्याजोगे आहे. ब्रोमाइड चुकीच्या समजुतीतून सापडले, फिनोबार्बिटल झोपेच्या गोळीतून. व्हिगाबॅट्रिन मात्र आधी विचार आणि मग रेणू अशा क्रमाने, आराखडा काढून बांधलेले औषध होते. अशा औषधाविषयी वैज्ञानिकांना थोडा अभिमान वाटला असल्यास नवल नाही.

पहिला धोक्याचा इशारा १९८३ मध्ये आला, पण तो भलत्याच दिशेने. उंदीर आणि कुत्र्यांना हे औषध दीर्घकाळ दिल्यावर त्यांच्या मेंदूतील मज्जातंतूंच्या वेष्टनात सूक्ष्म पोकळ्या आढळल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, माणसांवरील चाचण्या थांबवल्या. पुढे काही वर्षे साऱ्यांचे लक्ष एकाच प्रश्नावर खिळले : माणसाच्या मेंदूतही अशा पोकळ्या पडतात काय? त्यासाठी रुग्णांच्या तपासण्या झाल्या. त्यांत एक अशी होती की रुग्णापुढे चौकटींचे चित्र उलटसुलट करायचे आणि डोळ्यांपासून मेंदूच्या मागील भागापर्यंत संदेश किती वेळात पोहोचतो हे मोजायचे. वेष्टन बिघडले असेल तर संदेश रेंगाळेल. तो रेंगाळला नाही. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता यातील क्रूर विनोद पाहा. डोळ्यांची वाट तपासली जात होती! परंतु या चाचणीत उमटतो तो प्रामुख्याने नजरेच्या मध्यबिंदूचा संदेश. आणि हे औषध मध्याला शेवटपर्यंत हात लावत नाही, ते कडांकडून आत येते.

दुसरा इशारा तर थेट डोळ्यांचाच होता. १९८७ मध्ये बटलर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या जातीच्या उंदरांमध्ये दृष्टिपटलाचे थर विस्कळीत झालेले दिसले. काळ्या-पांढऱ्या, डोळ्यांत रंगद्रव्य असलेल्या उंदरांमध्ये ते दिसले नाहीत. पांढऱ्या उंदरांचे डोळे प्रकाशाने एरवीही बिघडतात, हे सर्वांस माहीत होते. माणसाच्या डोळ्यांत रंगद्रव्य असते. मग ही त्या दुबळ्या उंदरांची खोड म्हणून बाजूला ठेवणे सोपे होते. तर्क अगदीच निराधार नव्हता, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

१९८९ मध्ये ब्रिटनने औषधाला मंजुरी दिली. इतर कशानेही न आवरणारे झटके काहींच्या बाबतीत पूर्ण थांबले. माणसे कामावर परतली. औषध अनेक देशांत पसरले.

आणि मग जानेवारी १९९७. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ईक, टॅलबट आणि लॉडन या तीन डॉक्टरांचा जेमतेम दीड-दोन पानांचा लेख आला. रुग्ण केवळ तीन. तिघेही व्हिगाबॅट्रिन घेणारे, तिघांचेही दृष्टिक्षेत्र चहूबाजूंनी आक्रसलेले आणि ते पूर्ववत होण्याचे चिन्ह नाही.

दृष्टिक्षेत्र म्हणजे काय, हे एकदा करून पाहा. समोर भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे टक लावा आणि दोन्ही हात कानांच्या रेषेत धरून बोटे हलवा. बोटे ‘दिसत’ नाहीत, पण त्यांची हालचाल कळते. याच कडेच्या नजरेने आपण गर्दीतून धक्का न लागता चालतो, रस्ता ओलांडताना बाजूने येणारी दुचाकी टिपतो, जिन्याची शेवटची पायरी न पाहता उतरतो. ही नजर गेली तर तेथे काळा पडदा दिसत नाही. काहीच दिसत नाही, आणि काहीच न दिसणे हे मनाला जाणवत नाही. मेंदू उरलेल्या चित्रालाच पूर्ण चित्र मानतो. डॉक्टरांकडे गेले तर भिंतीवरच्या तक्त्यावरील शेवटची ओळही नीट वाचता येते, कारण ते काम मध्याचे. म्हणून अशी व्यक्ती दाराच्या चौकटीला खांदा आपटते, टेबलावरचा पेला सांडते आणि ‘मी जरा वेंधळा झालोय’ म्हणून मोकळी होते. अपस्माराच्या रुग्णाकडून तर घरच्यांची तशी अपेक्षाच असते. गोळ्यांची गुंगी असेल, म्हणतात.

ही इजा पकडायची तर एकच मार्ग आहे. रुग्णाला पांढऱ्या अर्धगोलापुढे बसवायचे, हनुवटी टेकवायची, नजर मध्यावर रोखायला सांगायचे आणि कडेने प्रकाशाचे ठिपके आत आणत ‘दिसला की बटण दाबा’ म्हणायचे. बर्नचे हान्स गोल्डमान यांनी असे यंत्र १९४५ मध्येच सिद्ध केले होते. म्हणजे साधन होते, पण ज्याला नजरेची तक्रारच नाही त्याला त्यापुढे कोण बसवणार?

निर्मात्यांनी त्याच नियतकालिकातून उत्तर दिले. हा दोष त्यांच्या अंदाजाने हजारात एखाद्याला होत असावा. हा आकडा खोटा होता असे मी म्हणणार नाही. आपण होऊन आलेल्या तक्रारी मोजल्या तर तो तेवढाच येणार. तक्रारच न होणारा दोष तक्रारींवरून मोजला जात होता, हे खरे दुखणे.

१९९९ मध्ये फिनलंडच्या रीटा कॅल्विआइनेन आणि सहकाऱ्यांनी उलटा मार्ग धरला. तक्रारीची वाट न पाहता त्यांनी केवळ व्हिगाबॅट्रिन घेणाऱ्या ३२ रुग्णांना यंत्रापुढे बसवले. सोबत तुलनेसाठी कार्बामॅझेपिन हे दुसरे औषध घेणारे १८ रुग्ण आणि निरोगी माणसे. कार्बामॅझेपिनच्या गटात हा दोष एकालाही नव्हता. व्हिगाबॅट्रिनच्या गटात तो सुमारे ४० टक्क्यांत आढळला. हजारात एकापासून शंभरात चाळीसपर्यंत! मधल्या काळात औषध बदलले नव्हते, फक्त प्रश्न विचारण्याची रीत बदलली होती.

(येथे थोडे थांबून एक सांगणे. हे वाचणाऱ्यांत अथवा त्यांच्या घरात कोणी अपस्माराचे कोणतेही औषध घेत असेल, तर या धाग्याच्या भरवशावर गोळी बंद करू नये. औषध एकाएकी तोडल्याने न थांबणारा झटका येऊन जीवावर बेतू शकते. शंका डॉक्टरांपुढे मांडावी.)

मग हे औषध बाजारातून हद्दपार झाले असेल, असे तुम्हांस वाटेल. तसे झाले नाही, आणि येथेच आपण वेस्ट यांच्या बाळाकडे परततो.

नजरेचा इशारा छापून आला त्याच वर्षी, १९९७ मध्ये, फ्रान्सच्या कॅथरीन शिरॉन आणि सहकाऱ्यांनी दुसरा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक विकारामुळे ‘सलाम झटके’ येणाऱ्या २२ बाळांचे दोन गट केले. ११ बाळांना हायड्रोकॉर्टिसोन दिले, त्यांपैकी पाचांचे झटके थांबले. ११ बाळांना व्हिगाबॅट्रिन दिले, त्या अकराही बाळांचे झटके थांबले.

अकरापैकी अकरा. वैद्यकात असा निकाल क्वचित दिसतो. हे झटके चालू राहिले तर मुलाची बुद्धी, बोलणे, माणसे ओळखणे, सारेच पणाला लागते. वेस्ट यांच्या मुलाचे तसेच झाले. तो विशीच्या उंबरठ्यावर, १८६० मध्ये, अर्ल्सवुड येथील मतिमंदांच्या आश्रमात वारला. पत्र लिहिणारा बाप तर त्याआधीच, १८४८ मध्ये गेला होता.

म्हणून औषध राहिले, पण त्याच्या वाटा आवळल्या गेल्या. युरोपात १९९९ पासून, बाळांच्या या झटक्यांचा अपवाद वगळता, इतर उपाय हरल्यावरच ते वापरावे असे ठरले. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळायला २१ ऑगस्ट २००९ उजाडला, म्हणजे ब्रिटनच्या २० वर्षांनंतर. तीही काळ्या चौकटीतील इशाऱ्यासह, नोंदणी केलेल्या डॉक्टर आणि रुग्णांपुरती आणि नियमित नेत्रतपासणीच्या अटीवर. तुलनेसाठी रेटिगॅबिन पाहा. २०११ मध्ये आलेल्या या औषधाने त्वचा निळसर पडते आणि दृष्टिपटलावर रंगद्रव्य साचते, असा इशारा २०१३ मध्ये निघाला. वापर घटत गेला आणि २०१७ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. त्याच्यासाठी अडून बसणारे ‘अकरापैकी अकरा’ कोणापाशी नव्हते.

आणि ते पांढरे उंदीर? २००९ मध्येच पॅरिसच्या संशोधकांनी त्यांची फाईल पुन्हा उघडली. व्हिगाबॅट्रिनमुळे उंदरांच्या रक्तातील टॉरिन हे द्रव्य घटते आणि टॉरिनविना दृष्टिपटल प्रकाशाचा मारा सोसू शकत नाही, असे त्यांना आढळले. उंदीर अंधारात ठेवले, तर इजा टळली. औषध घेणाऱ्या मोजक्या बाळांच्या रक्तातही टॉरिन कमी भरले. माणसात टॉरिन देऊन नजर वाचते, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु १९८७ मध्ये ‘प्रकाशाने बिघडणारे दुबळे डोळे’ म्हणून ज्यांची साक्ष बाजूला ठेवली गेली, त्या उंदरांच्या दुबळेपणातच यंत्रणेचा धागा दडलेला होता.

उरला प्रश्न बाळांचा. सहा महिन्यांच्या मुलाला यंत्रापुढे बसवून ‘ठिपका दिसला की बटण दाब’ असे सांगता येत नाही. दृष्टिपटलाचा विद्युत्‌आलेख काढतात, त्यासाठी बहुधा गुंगीही द्यावी लागते, आणि त्यातूनही कडांचे खरे चित्र मिळत नाही. तेव्हा आईबापांनी बाळाच्या बुद्धीसाठी त्याच्या नजरेच्या कडा पणाला लावायच्या, आणि डाव कितीचा होता हे कळायला मूल शाळेत जाईपर्यंत थांबायचे, अशी ही सही होती.

ती मुले मोठी झाली. २०१५ मध्ये रायली रीकोनेन आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्हेपणी व्हिगाबॅट्रिन घेतलेल्या आणि आता बटण दाबण्याइतक्या जाणत्या झालेल्या मुलांचे दृष्टिक्षेत्र मोजून प्रसिद्ध केले. निकाल लागलेल्या ३२ मुलांपैकी ११ जणांत तो ओळखीचा दोष होता. ज्यांनी औषध वर्षभर किंवा त्याहून कमी काळ घेतले त्यांत ९ टक्के, दोन वर्षांहून अधिक घेतले त्यांत ६३ टक्के. झटके थांबल्यानंतर औषध किती महिने चालू ठेवायचे, या प्रश्नावर डॉक्टरांपुढे आता निदान एवढे आकडे आहेत.